छातीवरचा पट्टा

११ जानेवारी, रविवार

आधी झालं तेवढंच लिहिते.

१. सकाळी साडेसहाला शेलूबाजारच्या मैदानावर मुलांची सोळाशे मीटरची धाव सुरू झाली. चौदा मुलं. त्यांतल्या सहाजणांच्या छातीला पट्टे होते.

२. धनराज राठोड, वय बावीस, पहिल्या फेरीपासून पुढे होता.

३. फोनवर त्याचा ठोका सुरुवातीपासूनच एकशे नव्वदच्या वर होता. शेवटच्या फेरीत दोनशे अकरा झाला. मुलांनी ओरडून त्याला आकडा सांगितला.

४. रेषा ओलांडून तो थांबला, वाकला, गुडघ्यांवर हात ठेवले. हसला. मग उजव्या कुशीवर पडला.

५. फोनवरचा आकडा गेला. मला वाटलं, पट्टा सरकला.

६. मी पोचले तेव्हा नाडी लागत नव्हती. छाती दाबायला सुरुवात केली. मी थकले की माझा भाऊ हर्षल दाबत होता. मी मोजत होते.

७. जीपमध्ये घातलं. जीपमध्येही दाबत राहिलो. मंगरुळपीरला डॉक्टरांनी तपासलं आणि मृत्यू झाल्याचं सांगितलं.

८. त्याची बहीण अंजू मुलींच्या रांगेत उभी होती. तिने सगळं पाहिलं.

क्रम बरोबर आहे. चौथ्यातलं ‘हसला’ ठेवायचं की काढायचं, ते नंतर बघेन.

१२ जानेवारी, सोमवार

पोलीस ठाण्यात जबाब झाला. तनुजा उत्तमराव राऊत, वय चोवीस, राहणार कारंजा लाड. दवाखान्यात ईसीजी आणि ट्रेडमिल चाचणी करणारी तंत्रज्ञ.

हवालदार म्हणाले, “मंग मैदानावर तुमी कायले जात होत्या?”

सांगितलं की हर्षल तिथे पोलीस भरतीची तयारी करतो. अकॅडमी चालवणाऱ्या दौलतसिंग सरांनी ठोके मोजायचे पट्टे विकत आणले. ते कोणाला वापरता येईनात, म्हणून दर रविवारी मी जात होते. हे खरं आहे. ऑगस्टपासून मी एकही रविवार चुकवला नाही, हे त्यांनी विचारलं नाही.

पट्ट्याबद्दल त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते. छातीच्या जरा खाली बांधायचा लवचीक पट्टा. आतल्या बाजूने दोन पट्ट्या, त्या पाण्याने ओल्या करायच्या. पुढे बटणाएवढं यंत्र. प्रत्येक ठोक्याला हृदयातून जो बारीक विद्युतसंकेत निघतो तो यंत्र टिपतं आणि मिनिटाला किती ठोके ते फोनवर दाखवतं. शरीरात काही सोडत नाही.

जे त्यांनी विचारलं नाही ते असं. पहिल्याच रविवारी मी फळ्यावर लिहून दाखवलं होतं. दोनशे वीसमधून वय वजा केलं की साधारण कमाल ठोके कळतात. हा अंदाज आहे, नियम नाही. हळू धावायच्या दिवशी एकशे चाळीसच्या आसपास राहायचं. जोराच्या दिवशी एकशे सत्तर-ऐंशी चालतील, तेही थोडा वेळ. आणि थांबल्यावर पहिल्या मिनिटात आकडा किती खाली येतो, ते सर्वांत महत्त्वाचं. मुलांनी वह्यांत उतरवून घेतलं.

पण भरतीच्या मुलांना आकडा दिसला की तो गुण वाटतो. उंची, छाती, गोळा, लेखी, सगळीकडे जास्त आकडा म्हणजे चांगला. तिसऱ्या रविवारी दौलतसिंग सरांनी फळ्यावर त्या दिवशीचा सर्वांत मोठा ठोका लिहिला आणि पुढे मुलाचं नाव. चौथ्या रविवारपासून ओरडा सुरू झाला, “आज दोनशे पार कोन?” एकजण आकडा वाढावा म्हणून धावेआधी लपून बैठका मारायचा.

मी सरांना म्हटलं, ही मेरिट लिस्ट नाही.

ते म्हणाले, “मॅडम, पोट्टे पयतात ना? मंग झालं.”

धनराजला बैठका माराव्या लागायच्या नाहीत. फळ्यावर बहुतेक वेळा त्याचंच नाव असायचं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. काल भोगीमुळे बाबांच्या भाजीच्या दुकानातली वांगी आणि सांभार (कोथिंबीर) सकाळी आठलाच संपली. बाबा लवकर घरी आले, पण चहा मागितला नाही.

“बाजारात लोकं बोलून राह्यले,” म्हणाले.

“काय?”

“पट्ट्यात करंट होता म्हनते. पोराच्या छातीत घुसला.”

“त्यात गाडीच्या किल्लीत असतो तेवढा सेल असतो, बाबा.”

“मले मालूम हाय बाप्पा. पन मी किती जनाले सांगू? एक जन मेथीची जुडी हातात घेऊन मलेच इचारते, पोरगी जामिनावर सुटली का?”

हर्षल आत झोपून होता. तो रविवारपासून बुटांना हात लावत नाही.

दुपारी दौलतसिंग सरांचा फोन आला. “मॅडम, उरलेले पट्टे घेऊन जा. लोकं नाव घेऊन राह्यले. मी काई बोललो नाई, पन कोनाकोनाचं तोंड धरू?” ते काही बोलले नाहीत, हे खरं असणार. पट्टा कसा चालतो ते त्यांना माहीत आहे, आणि ते काही बोललेले नाहीत.

१५ जानेवारी, गुरुवार

डिसेंबरात दोन रविवारी धनराजचा आकडा काही सेकंद दोनशे तीसच्या पुढे गेला आणि परत खाली आला. पट्टा कोरडा असला किंवा बनियन फडफडली की असे उड्या मारणारे आकडे येतात. हे शिकवलेलं आहे आणि बरोबर आहे. मी त्याला म्हटलं, पट्टा ओला करून बांध.

त्याने बाटलीतलं पाणी छातीवरच ओतलं. म्हणाला, “पट्टा ओला, मी ओला. अजून काय ओलं करू मॅडम? मैदान?”

त्याच दिवशी त्याने विचारलं, मनगटावर नाडी कशी पाहतात. मी मोजून दाखवली. अठ्ठावन्न. पुढच्या रविवारपासून धावेआधी मी त्याची नाडी हाताने मोजत होते. पट्टा असताना तशी गरज नव्हती. पडताळणी म्हणून ठीक होतं. बाकी पाचजणांची पडताळणी केली नाही.

१७ जानेवारी, शनिवार

आमच्या डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. शवविच्छेदन करणाऱ्यांशी त्यांची ओळख आहे. अंतिम मत अजून राखून ठेवलंय, पण तोंडी समजलं ते त्यांनी सांगितलं. हृदय वजनाला जड. डाव्या कप्प्याची भिंत आणि मधला पडदा फार जाड.

“पट्ट्याचा काही संबंध नाही, हे तुला सांगायला नको,” ते म्हणाले.

“नको.”

“हे बहुतेक घराण्यात उतरतं. भाऊ-बहीण आहे का?”

“बहीण आहे. एकोणीस वर्षांची. तीही तिथेच धावते. तिची मैदानी चाचणी तेरा फेब्रुवारीला आहे.”

 ते म्हणाले, “तिचा इको झाल्याशिवाय तिने पाऊलसुद्धा पळू नये.” आपल्याकडे शनिवारी अकोल्याचे हृदयतज्ज्ञ येतात, तेव्हा तिला आण, असं म्हणाले.

कसं आणू, ते त्यांनी सांगितलं नाही. तिच्या बंजारा तांड्यात मी भाऊ मारणारी आहे.

२१ जानेवारी, बुधवार

तांड्याच्या नायकांचा, म्हणजे प्रमुखांचा, निरोप आला, दौलतसिंग सरांमार्फत. शुक्रवारी पट्टा घेऊन यावं. सरांना वेळ नाही.

बाबा म्हणाले, “मी येतो संगं.”

म्हटलं, गरज नाही.

“तुले नसन. मले हाय.”

२३ जानेवारी, शुक्रवार

सविस्तर लिहिते.

सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढे पुरुष बसले होते. नायक म्हातारे आहेत, आवाज खणखणीत. धनराजचे वडील सेवादास खांबाला टेकून खाली बघत होते. बायका उंबऱ्यांत होत्या. बाबांनी हात जोडले. आम्हाला पाणी दिलं, बसायला सतरंजी दिली. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

मी पट्टा सतरंजीवर ठेवला.

“हाच का?” नायक म्हणाले.

“त्याचा पोलिसांकडे आहे. हा तसाच.”

“याच्यात करंट किती?”

मी सांगितलं. सेल काढून दाखवला, जिभेला लावून दाखवला. एक तरुण म्हणाला, “जिभीले लावून काय होते? छातीले लाव ना तुह्या.”

“लावते. नेहमी लावते.”

तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला. “तिले नोको. मले लाव.”

धनराजची आई, रुखमाबाई. कोणीतरी बंजारा बोलीत तिला अडवलं. ती थांबली नाही. माझ्यापुढून घरात गेली आणि मी पाठीमागे आले की नाही ते न बघता चोळीची बटणं सोडायला लागली.

आत आम्ही तिघीच होतो. ती, मी आणि अंजू. मी पट्टा ओला करून बांधला. पाणी गार होतं, तिने श्वास ओढला. फोनवर आकडा आला. एकशे चार.

तिने फोन दोन्ही हातांत घेतला. “हे माह्यं?”

“हो.”

ती बघत बसली. आकडा हळूहळू ब्याण्णववर आला.

“कमी होऊन राह्यलं.”

“तुम्ही शांत बसल्या म्हणून.”

“त्याचं किती राहे?”

“बसलेला असताना अठ्ठावन्न.”

“पट्ट्यात दिसे?”

“नाही. मी हातानं मोजायची.”

तिने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मनगट पुढे केलं. “मोज मंग.”

मी मोजायला लागले. मध्येच आकडा चुकला. असं माझं कधी होत नाही. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. ती वाट बघत राहिली. मोजून झाल्यावर किती, ते तिने विचारलं नाही. अंजूला त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली. अंजूनेही मग माझ्याकडे तसंच पाहिलं. काय म्हणाली ते मला समजलं नाही.

पट्टा अंगावर असतानाच ती बाहेर गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “यानं काई होत नाई. मी हितं उभी हाय, जित्ती.”

मग मी विचारलं, घरात असं अचानक कोणी गेलंय का. सेवादास पहिल्यांदा बोलले.

“माह्या लहान भाऊ. ऊस तोडाले गेलतो आमी. मोळी डोक्यावर घेऊन शिडीनं ट्रकवर चढून राह्यला होता. वरतूनच खाली आला. मुकादम म्हने, ऊन लागलं.”

“त्यांचं वय?”

“असन तीसेक.”

“आणि तुम्हाला चढाला दम लागतो?”

“मी बसतो थोडं. मले काय होते?”

मी अंजूच्या इकोचं, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचं, सांगितलं. यात टोचत नाही, दुखत नाही, फोटोसारखं असतं.

नायक म्हणाले, “अन् काई निंगालं तं? पोरीले कोन करन?”

सेवादासांनी मान हलवली. “नाई. एक गेला. आता पोरीले खोट लावू नोका.”

 परतताना शेलूबाजारला थांबलो तेव्हा बाबा म्हणाले, “त्या बाईनं तुह्या हात धरला होता ना?”

म्हटलं, नाडी मोजत होते.

३१ जानेवारी, शनिवार

अंजू आली. एकटी, एसटीने. घरी सांगितलंय की कारंजाला कपडे घ्यायला जाते. आईला खरं माहीत आहे. तिनेच धाडलं.

आधी ईसीजी मी काढला. चाकं लावलेल्या टेबलावर ती आडवी झाली, छताकडे बघत. इलेक्ट्रोड लावताना माझे हात थंड होते, असं ती म्हणाली. कागद बाहेर यायला लागला आणि तिसऱ्या ओळीलाच मला कळलं. लाटा फार उंच होत्या. शेवटच्या लाटा उलट्या. मी चेहरा बदलला नाही. यंत्राची जोडणी पुन्हा तपासून दुसरा कागद काढला. तसाच आला.

इकोमध्ये पडदा एकोणीस मिलिमीटर. बारापर्यंत साधारण धरतात. तज्ज्ञांनी तिला खुर्चीत बसवून नीट समजावलं. हृदयाचा स्नायू जाड आहे. रोजची कामं चालतील. औषध सुरू करू, नागपूरला पुढच्या तपासण्या करू. धावणं बंद, आजपासून. पळताना ठोके बिघडू शकतात आणि ते बिघडले की वेळ मिळत नाही.

ती “हो सर” म्हणाली. दोनदा.

बाहेर बाकावर आम्ही बसलो. तिने चहा घेतला नाही.

“भियाचं असंच होतं?” भावाला ती भिया म्हणते.

“असंच असावं.”

“त्याले अंधारी येत जाय. मले मालूम होतं.”

मी विचारलं, मग सांगितलं का नाही.

“सांगतलं असतं तं तुमी त्याले पयू दिलं असतं का?”

“नाही.”

“मंग?” ती हातातल्या फाइलीची दोरी गुंडाळत होती. “दम कोंडला की तो हासे. कोनाले समजू नये म्हनून. आमच्या घरात फक्त मले समजे.”

दोरीला गाठ पडली, ती मी सोडवून दिली.

“तुमी त्याची नाडी पाहत होत्या ना दर रविवारी? तो म्हने, मॅडम पाह्यते. काई असतं तं मॅडमनं सांगतलं असतं.”

मी तिला सांगितलं की बसलेल्या माणसाच्या नाडीत हे कळत नाही. पट्ट्यातही कळत नाही. पट्टा ठोके मोजतो, भिंतीची जाडी मोजत नाही. हे सगळं बरोबर आहे. सांगताना माझा आवाजही ठीक होता.

उठताना ती म्हणाली, “घरी सांगू नोका ताई. मी सांगतो काय सांगायचं ते.”

३ फेब्रुवारी, मंगळवार

अंजूने आईला ‘सगळं चांगलं निंगालं’ असं सांगितलंय. हे मला तिच्याकडून कळलं नाही. रुखमाबाईंनी शेजाऱ्याच्या फोनवरून मला फोन केला.

“पोरी, लई उपकार झाले. माह्या जीव खाली पडला.”

मी म्हटलं, “अंजूशी बोलते.”

“बोल, बोल. अन् येत जा घरी. तो नाई म्हनून काय झालं?”

फोन ठेवल्यावर मला आठवेना की मी तिला ‘हो’ म्हटलं की नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

अंजू फोनवर. तिचं बोलणं शक्य तेवढं जसंच्या तसं लिहिते.

“ताई, एक पट्टा द्या मले.”

“कशाला?”

“आकडा पाहून पयतो. दीडशेच्या वर जाऊ देत नाई. तुमीच तं शिकवलं. आकडा वाढला की हळू.”

“डॉक्टरांनी बंद सांगितलंय.”

“डॉक्टरले काय जाते? आठशे मीटर हाय. तीन मिनिटं. तीन मिनिटं नाई टिकनार का मी?”

“आणि नाही टिकलीस तर?”

“अन् पयली नाई तं?” तिचा आवाज चढला. “बाबानं सांगतलं, यंदा नाई झालं तं लग्न. पोरगा पाह्यून ठेवला. लग्न झालं की ऊस तोडाले जा नवऱ्यासंगं. डोक्यावर मोळी, शिडीवर चढा. थ्याले तुमचा डॉक्टर बंद सांगन का? अन् पोटात लेकरू राह्यलं तं? ते तीन मिनिटाचं असते का?”

या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे आहेत. प्रत्येकाचं उत्तर ‘त्यातही धोका आहे’ असंच आहे.

“लेखीच्या जागा असतात,” मी म्हटलं. “बसून काम करायच्या.”

“थ्याले भियाएवढे मार्क लागते. मले पायच हायेत.”

मी पट्टा देत नाही म्हटलं. तिने फोन ठेवला.

त्यानंतर मी कागद घेऊन हिशेब केला. दीडशेच्या खाली राहून तिला आठशे मीटरला किती वेळ लागेल. तिच्या जुन्या धावांवरून पाहिलं तर चार मिनिटांच्या पुढे. पूर्ण गुणांना तीन मिनिटांच्या आत यावं लागतं. म्हणजे पट्टा बांधून धावली तरी तिसाव्या सेकंदाला तिला फोन, आकडा, मी, सगळं सोडून द्यावं लागेल. आणि ती देईल.

हा हिशेब मी का केला, हा प्रश्न आहे. उत्तर अनुकूल आलं असतं तर मी पट्टा दिला असता का? लिहून ठेवते: माहीत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

आज हर्षल एक महिन्याने मैदानावर गेला. मी सांगितलं म्हणून. धावायला नाही, बघायला.

परत येऊन बुटांसकट ओसरीवर बसला.

“पयली ती,” म्हणाला. “आठशे. तीन मिनिटं दोन सेकंद. सरांनी सगळ्यायले टाळ्या वाजवाले लावल्या. म्हने, धनराजची बहीण हाय, पाहा.”

“नंतर?”

“नंतर पान्याच्या टाकीमागं गेली. पोरी म्हनत होत्या, पायात काटा रुतला. मी गेलो पाहाले. काटा नोता, ताई. भिंतीले डोकं लावून बसली होती. व्हट निळे. मले पाह्यलं अन् म्हने, तनूताईले सांगशीन तं तुह्या तंगड्या तोडीन.” तो हसायला गेला आणि त्याला जमलं नाही. “मी सांगून राह्यलो तुले. तोडू दे.”

मी दौलतसिंग सरांना फोन केला. पेशंटची माहिती सांगता येत नाही, म्हणून एवढंच म्हटलं, तिला चाचणीपर्यंत धावायला लावू नका.

“डॉक्टरचा कागद हाय का?”

“तुम्हाला देण्यासारखा नाही.”

“मंग कसं करू मॅडम? उद्या बंद केलं तं तिचा बाप मले इचारन, पोरीचं नुकसान काहून केलं. एक झालं तेच फेडून राह्यलो मी.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तिले बी तसंच हाय का?”

मी उत्तर दिलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही, आणि फोन ठेवताना ‘बुधवारी शेवटची प्रॅक्टिस’ म्हणाले.

९ फेब्रुवारी, सोमवार

आमच्या डॉक्टरांशी बोलले. सगळं सांगितलं.

ते म्हणाले, “ती सज्ञान आहे. तिच्या संमतीशिवाय घरी सांगायचं नाही. तुला नियम माहीत आहे.”

“माहीत आहे.”

“तिला पुन्हा समजाव. लेखी दे हवं तर.”

“आणि तिने ऐकलं नाही तर?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “मग ऐकलं नाही.” चष्मा परत लावून म्हणाले, “तू नियम मोडलास तर मला तुला इथे ठेवता येणार नाही, तनुजा. हे मी मनापासून सांगतोय, धमकी नाही.”

त्यांचं बरोबर आहे. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. महिन्यापूर्वी तर नक्कीच.

संध्याकाळी आई भाजी निवडत होती. मला शेजारी बसवून तिने मेथीची जुडी दिली. “तुह्या तोंडावर काई दिसत नाई पोरी,” ती म्हणाली. “लहानपनापासून. म्हनून लोकायले वाटते, तुले काई होत नाई.” मी पानं खुडत राहिले. तिने वर न बघता विचारलं, “चांगला होता का थो पोरगा?”

मी विचारलं, कोणता.

आईने माझ्या हातातली जुडी घेतली. मी पानांऐवजी देठच टोपलीत टाकत होते.

१० फेब्रुवारी, मंगळवार

अंजूने माझे तीन फोन घेतले नाहीत. मेसेज पाठवला. आधी लांब लिहिला होता, त्यात फार कारणं होती. ती काढली. पाठवला तो असा:

अंजू,

हा मेसेज पूर्ण वाच.

रविवारी धावल्यावर तुझे ओठ निळे झाले. हर्षलने पाहिलं. यापुढची धाव कोणत्या मिनिटाला थांबेल ते मला सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. पट्टा असला तरी नाही. तुला तीन मिनिटं काढायची आहेत, पण ती मिनिटं मोजणं आपल्या हातात नाही.

लग्नाचं, उसाचं, लेकराचं तू म्हणालीस ते खरं आहे. त्याची उत्तरं आज माझ्याकडे नाहीत. लग्नाचं तुझ्या बाबांशी बोलायला मी येईन. नायकांपुढेही बसेन. नागपूरच्या तपासण्यांना तुझ्यासोबत येईन, प्रत्येक वेळी. लेखीचा अभ्यास आपण दोघी करू. एवढंच माझ्या हातात आहे.

तुझ्या भावाने कोणाला सांगितलं नाही. मी त्याला विचारलं नाही. तुला विचारते आहे.

उद्या प्रॅक्टिसला जाऊ नकोस. तू शुक्रवारी चाचणीत धावणार नाहीस, एवढं मला लिहून पाठव. ‘नाही’ हा एक शब्द पुरे. उत्तर आलं नाही, किंवा ‘धावणार’ असं आलं, तर गुरुवारी सकाळच्या पहिल्या गाडीने मी तुझ्या आईकडे येते आणि फाइलीत काय आहे ते तिला सांगते. त्यानंतर माझी नोकरी राहणार नाही. ते मला मान्य आहे. तू माझ्याशी पुन्हा कधी बोलली नाहीस, तर तेही.

उद्या, बुधवार, अकरा तारीख, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत उत्तर पाठव.

तनुजा